अपस्माराच्या शस्त्रक्रियेआधी एमआरआयचं स्वयंचलित विश्लेषण : आमच्या विभागातल्या नोंदी

आमच्याकडे दर पंधरवड्याला अपस्माराची केस कॉन्फरन्स होते. नीट निवडलेली, पुरेशा मात्रेत दिलेली दोन औषधं घेऊनही ज्यांच्या फिट थांबत नाहीत, असे रुग्ण तिथे येतात. एमआरआयवर दोष दिसला, तर पुढचा रस्ता त्यातल्या त्यात सरळ असतो. एमआरआय ‘नॉर्मल’ आला की घोडं अडतं. हे काम त्या दुसऱ्या गटासाठी काढलं. मी बायोमेडिकल इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे खाली औषधोपचाराबद्दल काही नाही. फाइली, मशीन आणि माणसं यांच्याबद्दल आहे. रुग्णांचे तपशील ओळख पटणार नाही इतके बदललेत.

९ जून २०२५

हत्यारं ठरली. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या मार्टिनोस सेंटरचं फ्रीसर्फर हे जुनं आणि भरवशाचं. टी-१ या प्रकारच्या एमआरआय स्कॅनवरून ते कॉर्टेक्सचा, म्हणजे मेंदूच्या वरच्या थराचा, आतला आणि बाहेरचा पृष्ठभाग काढतं आणि जागोजागची जाडी मोजतं. बॉनच्या डीझेडएनई संस्थेचं फास्टसर्फर तेच काम डीप लर्निंगने लवकर उरकतं. या दोघांपैकी एकाच्या खांद्यावर बसणारं तिसरं म्हणजे लंडनच्या यूसीएलमधून चालणाऱ्या बहुकेंद्री प्रकल्पाचं मेल्ड ग्राफ. तिन्ही फुकट.

मेल्ड एकच गोष्ट शोधायला शिकलंय : फोकल कॉर्टिकल डिस्प्लेझिया, म्हणजे गर्भातच घडण बिघडलेला कॉर्टेक्सचा तुकडा. यापुढे एफसीडी. शस्त्रक्रियेत मुलांच्या मेंदूतून जे तुकडे काढले जातात त्यांत हेच सर्वांत जास्त सापडतं. मोठ्यांमध्ये हिप्पोकॅम्पल स्क्लेरोसिस, म्हणजे स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस हा भाग आकसून कडक होणं. मेल्ड ग्राफचा निबंध यंदा जामा न्यूरॉलॉजीत आला : २३ केंद्रं, एफसीडीचे ७०३ रुग्ण, ४८२ निरोगी माणसं. रेडिओलॉजिस्टच्या नजरेतून आधी सुटलेल्या एफसीडींपैकी ६४ टक्के त्याने पकडले.

बातम्यांत ६४ चाच गाजावाजा झाला. मला त्याच निबंधातला ६७ जास्त कामाचा वाटतो. मेल्ड संशयित जागा म्हणून दाखवतं त्या ठिपक्यांपैकी ६७ टक्के खरे निघतात, म्हणजे तिनांतला एक खोटा. कोणता, ते तो ठिपका सांगत नाही. हे वैद्यकीय उपकरण म्हणून प्रमाणित नाही, संशोधनापुरतं आहे, असं करणारेच स्पष्ट लिहितात.

१२ जून

खर्च. जुनं वर्कस्टेशन होतंच. १२ जीबीचं ग्राफिक कार्ड साधारण २६ हजार, रॅम ३२ वरून ६४ जीबी करायला साडेसहा हजार, चार टीबीची डिस्क साडेनऊ हजार. यूपीएस दुसऱ्या विभागातून उसना.

खरेदी समितीत प्रश्न आला : एवढं करून पेशंटला काय मिळणार? न्यूरॉलॉजीच्या मॅडमनी २०१७ ची दिल्लीच्या एम्सची चाचणी पुढे ठेवली. औषधांना दाद न देणारी ११६ मुलं. वर्षाअखेर फिटमुक्त किती, तर शस्त्रक्रिया झालेल्यांत ७७ टक्के, फक्त औषधांवर ठेवलेल्यांत ७. मग कुणी काही विचारलं नाही. सही झाली. मात्र ती चाचणी शस्त्रक्रियेची होती, आमच्या सॉफ्टवेअरची नव्हे, हे मॅडमनी तिथेच सांगितलं. मिनिट्समध्ये ते वाक्य आलं नाही.

१८ जून

विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) घालून त्यात डॉकर (सॉफ्टवेअर वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन). ज्यांना जमेल त्यांनी सरळ उबुंटू लिनक्स टाकावं. आम्हाला तेच मशीन दुपारी इतर कामांना लागतं म्हणून हा द्राविडी प्राणायाम.

काय काय अडलं :

फ्रीसर्फरचं लायसन्स फुकट आहे, पण ती छोटी टेक्स्ट फाइल कंटेनरच्या आत दिसली पाहिजे. नसली की रन सुरू होऊन थोड्याच वेळात पडतो, आणि एररचं वाक्य लॉगमध्ये इतकं वर असतं की शेवटच्या ओळी वाचून भलतीकडेच शोध सुरू होतो.

डब्ल्यूएसएल न सांगता मशीनची निम्मीच रॅम घेतं. दोन रुग्ण एकदम लावले की पृष्ठभाग काढण्याच्या टप्प्यावर प्रोसेस गुपचूप मरायची. कॉन्फिग फाइलमध्ये मर्यादा वाढवल्यावर थांबलं.

रात्री विंडोज अपडेटने मशीन रीस्टार्ट. सकाळी पुन्हा तीच कमांड दिली तर ‘हा रुग्ण आधीच चालू आहे’ म्हणून नकार. त्या रुग्णाच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये ‘इज-रनिंग’ नावाची एक फाइल मागे राहिलेली असते. ती उडवली की गाडी पुढे सरकते. ही एक ओळ मला कुणी आधी सांगितली असती तर सबंध आठवड्याचं काम मार्गी लागलं असतं.

फ्रीसर्फरला आमच्या मशीनवर एका रुग्णाला सहा-आठ तास. फास्टसर्फरचा पहिला भाग कार्डवर मिनिटाच्या आत, पृष्ठभागाला तासभर. फास्टसर्फर घेतलं. निम्मे रुग्ण एकावर आणि निम्मे दुसऱ्यावर असं मात्र करू नका. आवृत्तीही मध्येच बदलू नका. जाडीचे आकडे सॉफ्टवेअर बदललं की हलतात, आणि मग तो फरक आजाराचा की आवृत्तीचा हे कळायला मार्ग नाही.

२७ जून

खरी अडचण इथे निघाली, आणि तिचा एआयशी काही संबंध नाही.

आमचे बरेच रुग्ण स्कॅन बाहेरून करून येतात. नगर, बीड, सोलापूर, कोकणातूनही. प्लास्टिकच्या पिशवीत फिल्म, आत सीडी. यातून आम्हाला हवं काय, तर १ मिलिमीटर जाडीचं, तिन्ही दिशांना सारखं, त्रिमितीय टी-१ आणि तसंच फ्लेअर (एमआरआयचाच दुसरा प्रकार). मिळतं काय?

काही सीड्यांवर नुसती जेपीजी चित्रं. बाद. काहींत डायकॉम (स्कॅनरची मूळ फाइल) आहे पण ५ मिमी जाडीच्या स्लाइस, मध्ये मोकळी जागा सोडून. बाद. जिच्या तळाशी एफसीडी दडलेला असतो ती कॉर्टेक्सच्या घडीतली खाच कधीकधी त्या मोकळ्या जागेतच मावते. काहींत टी-१ आहे पण गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन दिल्यानंतरचं. त्यात मेंदूवरचं आवरण उजळतं, सॉफ्टवेअर त्यालाही कॉर्टेक्स समजतं आणि जाडी उगाच वाढलेली दिसते. आमच्याकडच्या एका रुग्णाचा अख्खा पुढचा भाग त्यामुळे ‘जाड’ आला होता. दोघी रेसिडेंट क्षणभर खूश झाल्या होत्या.

सगळ्यात चीड आणणारा प्रकार वेगळाच. स्कॅन त्रिमितीयच झालेला असतो, मशीनवर मूळ व्हॉल्यूम असतो, पण सीडीवर चढवताना त्यातून काढलेल्या जाड स्लाइसच चढवल्या जातात. रिपोर्ट वाचायला त्या पुरतात, मूळ व्हॉल्यूमने सीडीवर जागा अडते. काही दिवसांनी तो सर्व्हरवरूनही जातो. मग रुग्णाला पुन्हा स्कॅन. पैसे त्याचे, एका दिवसाची मजुरी त्याची, आणि लहान मूल असेल तर भूल पुन्हा.

४ जुलै

आमच्याकडे सर्वांत जास्त स्कॅन जिथून येतात, तिथल्या टेक्निशियन दादांना जाऊन भेटलो. इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सीचा २०१९ चा हार्नेस प्रोटोकॉल छापून नेला होता : त्रिमितीय टी-१, त्रिमितीय फ्लेअर, आणि हिप्पोकॅम्पसच्या लांबीला काटकोनात कापलेलं कोरोनल टी-२. दादा म्हणाले, “हे सगळं मशीनमध्ये आहे हो. चिठ्ठीवर नुसतं ‘एमआरआय ब्रेन’ लिहून येतं, तर आम्ही काय समजायचं?”

चिठ्ठी बदलली. आता रबरी शिक्का आहे : ‘अपस्मार प्रोटोकॉल. त्रिमितीय टी-१ व फ्लेअर, कॉन्ट्रास्टशिवाय. मूळ व्हॉल्यूम डायकॉममध्ये द्यावा.’ या प्रकल्पातली ही सर्वांत स्वस्त खरेदी, आणि मला विचाराल तर सर्वांत उपयोगी.

११ जुलै

डावं-उजवं.

डायकॉममधून निफ्टी या संशोधनातल्या फाइल-प्रकारात रूपांतर, तिथून फास्टसर्फर, तिथून मेल्ड, मग निकाल परत स्कॅनवर. या साखळीत कुठेही बाजू उलटली तर चित्र तितकंच सुंदर दिसतं. मेंदू दोन्ही बाजूंनी जवळपास सारखा, त्यामुळे डोळ्यांना खटकत नाही. त्यातून रेडिओलॉजीच्या पडद्यावर रुग्णाची उजवी बाजू आपल्या डावीकडे असते, आणि काही सॉफ्टवेअर बरोबर उलटं दाखवतात.

उपाय जुनाच : माशाच्या तेलाची पिवळी कॅप्सूल. मेडिकलमध्ये मिळते तीच. चिकटपट्टीने उजव्या कानशिलावर लावली. टी-१ वर चरबी पांढरीशुभ्र दिसते, त्यामुळे डोक्याबाहेर एक चकाकणारा शेंगदाणा दिसतो. स्कॅनला मीच झोपलो. पूर्ण साखळी चालवून शेवटच्या फाइलमध्ये शेंगदाणा उजवीकडेच आहे हे पाहिलं. एक जुनी स्क्रिप्ट, जी आम्ही कुणाकडून तरी उचलली होती, ती बाजू उलटवत होती. टाकून दिली. आता साखळीतलं काहीही बदललं की कॅप्सूलचा स्कॅन पुन्हा सगळ्यातून जातो, मगच रुग्णाचा.

१५ जुलै

एथिक्स कमिटी. आयसीएमआरची २०२३ ची एआयसंबंधी मार्गदर्शक तत्त्वं त्यांनी ओळ न ओळ विचारली, बरं झालं. नाव, जन्मतारीख, केस नंबर हे डायकॉमच्या हेडरमध्ये तर असतंच, फाइलच्या नावातही असतं आणि कधी चित्रावरच उमटलेलं असतं. शिवाय त्रिमितीय टी-१ वरून चेहरा हुबेहूब उभा करता येतो; सदस्यांपैकी एका वकीलबाईंना तो पडद्यावर फिरवून दाखवला तेव्हा त्यांचा चहा तसाच राहिला. बाहेर काहीही जाणार असेल तर चेहरा पुसून जाईल. सध्या काहीच बाहेर जात नाही, सगळं रुग्णालयाच्या आत चालतं.

२२ जुलै

हार्मोनायझेशन. प्रत्येक स्कॅनरची आपली एक चव असते, ती वजा करावी लागते. त्यासाठी मेल्डला एकाच मशीनचे, एकाच प्रोटोकॉलचे किमान २० जणांचे स्कॅन हवेत. रुग्ण असले तरी चालतात. शिक्का मारल्यापासून आलेले स्कॅन मोजले तर आकडा भरत नव्हता. रेसिडेंट, नर्स, टेक्निशियन दादा, दोन वॉर्डबॉय, त्यांची परवानगी घेऊन रविवारी मशीन रिकामं असताना स्कॅन केले. स्कॅनचा वेळ फुकट मिळाला, वडा-पाव आमच्याकडून.

मॅडमनी विचारलं, हे सॉफ्टवेअर बहुतेक बाहेरच्यांच्या मेंदूवर शिकलंय, आपल्याकडे चालेल? रास्त प्रश्न. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने २०१९ मध्ये शंभर भारतीय स्कॅनवरून ‘आयबीए १००’ हा अ‍ॅटलस केला, तो याच शंकेतून. सरासरी आकारात फरक आहेच. पण मेल्ड दोन्ही बाजूंची तुलनाही करतं आणि आपल्याच स्कॅनरवरच्या लोकांशी ताडून घेतं, त्यामुळे आकाराची मला फार धास्ती नाही. माझी धास्ती वेगळी होती, ती सप्टेंबरमध्ये खरी ठरली.

जन्मतारखांच्या यादीत एक्सेलने दिवस आणि महिना आपसांत बदलून ठेवले होते. वय फार चुकत नाही, पण चुकतं. यादीत थेट वयच लिहा.

६ ऑगस्ट

नवीन रुग्णांवर चालवण्याआधी जुने तपासले : शस्त्रक्रिया झालेले, पॅथॉलॉजीने एफसीडी म्हणून शिक्कामोर्तब केलेले, आणि वर्षाहून जास्त काळ फिटमुक्त. शेवटची अट महत्त्वाची. फिट चालूच असतील तर सर्जननी काढलेला भाग हेच उत्तर होतं असं कसं म्हणणार? त्याला खरं धरून सॉफ्टवेअरला मार्क देणं म्हणजे चुकीच्या उत्तरपत्रिकेवरून पेपर तपासणं.

काढलेला भाग शस्त्रक्रियेनंतरच्या स्कॅनवर हाताने रंगवला. आधीच्या स्कॅनवर बसवताना तो नेमका बसत नाही. पोकळी झाली की आजूबाजूचा मेंदू थोडा आत ओढला जातो. कडेच्या काही मिलिमीटरवरून वाद घालू नये.

जे डोळ्यांना दिसत होते ते बहुतेक सापडले. त्यात नवल नाही. न सापडलेल्यांत एक मुलगा होता, त्याच्या स्कॅनमध्ये हलल्याच्या लाटा होत्या. फ्रीव्ह्यू या चित्र बघायच्या प्रोग्रामात पृष्ठभागाची पिवळी-लाल रेघ उघडून बघितली तर नेमकी त्या खाचेच्या तळाला रेघ खाली न उतरता वरून उडी मारून गेलेली. खाचच मोजली गेली नाही, मग दोष सापडणार कसा? तेव्हापासून नियम : ठिपका नाही म्हणून फाइल बंद करायची नाही. आधी रेघ बघायची. सगळ्या स्लाइस, दोन्ही बाजू. रुग्णामागे वीस-पंचवीस मिनिटं जातात आणि याला शॉर्टकट नाही.

अगदी लहान मुलं वगळली. मायलिन, म्हणजे मज्जातंतूंवरचं वेष्टन, पुरतं बसलेलं नसतं; त्यामुळे कॉर्टेक्सचा ग्रे आणि त्याखालचा व्हाइट यांची सीमाच पुसट.

२१ ऑगस्ट

हिप्पोकॅम्पसचे आकडे जोडीला द्यायला सुरुवात केली. डावा वजा उजवा, भागिले दोघांची सरासरी. सोपं आणि फसवं. दोन्हीकडे आकसलेलं असेल तर वजाबाकी शून्याजवळ येते आणि कागद म्हणतो ‘समान’. म्हणून बाजूंचे वेगळे आकडेही लिहितो.

एका रुग्णात फिट जिथून सुरू होतात ती बाजू मोठी आली. मॅडमनी तारीख विचारली. स्कॅन स्टेटस एपिलेप्टिकसनंतर, म्हणजे न थांबता लांबलेल्या फिटनंतर, चार दिवसांत झालेला. तेव्हा हिप्पोकॅम्पस सुजतो, आकसतो तो नंतर. आता शेवटची मोठी फिट कधी, हा रकाना फॉर्मवर आहे.

रेडिओलॉजीच्या सीनियर मॅडमना माझ्या आकड्यांची फारशी गरज पडत नाही हेही नोंदवतो. नीट कापलेल्या कोरोनल टी-२ वर त्या आकार बघत बसत नाहीत, आतले थर पुसलेत का ते बघतात. फ्रीसर्फर-फास्टसर्फरच्या नेहमीच्या आकड्यात तो थर येतच नाही.

२ सप्टेंबर

गौरी विसर्जनाचा दिवस, विभाग रिकामा, म्हणून उरलेले सगळे एकदम चालवले. आणि जी धास्ती होती ते समोर आलं.

एका मुलाचा मागचा भाग दोन्हीकडे लालभडक. मेल्डच्या दृष्टीने अख्खं ऑक्सिपिटल ‘संशयित’. फाइल उघडली : जन्मानंतर दुसऱ्या दिवशी रक्तातली साखर उतरली होती, तेव्हाची इजा. आपल्याकडे हे चित्र बालरोग विभागात कुणालाही पाठ आहे. दुसऱ्या रुग्णात पॅरायटल भागात नेटका गोल ठिपका. सीटीवर तिथे कॅल्शियमचा खडा, जुना न्यूरोसिस्टिसरकोसिस (मेंदूत पट्टकृमीची अळी बसल्याने होणारा आजार). ठिपक्याच्या जागी काहीतरी आहेच, पण ते एफसीडी नाही. ज्याने आयुष्यभर फक्त एफसीडीच पाहिला, त्याला वेगळं दिसलेलं सगळं एफसीडीच वाटणार. हार्मोनायझेशनने स्कॅनरचा फरक जातो, न पाहिलेला आजार कळत नाही.

त्यामुळे चालवण्याआधी चाळणी : जन्मावेळचा इतिहास, सीटी किंवा एसडब्ल्यूआय (एमआरआयचा आणखी एक प्रकार), मेंदूज्वर, डोक्याला मार, आधीची शस्त्रक्रिया. यातलं काही असेल तर मेल्ड चालवत नाही. चालवून मग दुर्लक्ष करू असं म्हणणं सोपं आहे. एकदा लाल चित्र पाहिलं की कुणी दुर्लक्ष करत नाही.

१९ सप्टेंबर

ज्याच्यासाठी हा खटाटोप, तशी एक केस. शाळकरी मुलगी, झोपेत फिट, रात्रीतून अनेकदा. एमआरआय दोनदा नॉर्मल. व्हिडिओ ईईजीत (चित्रीकरणासोबत मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद) सुरुवात उजव्या फ्रंटल, म्हणजे कपाळामागच्या, भागाकडून, पण नेमकी कुठून ते सांगता येत नव्हतं. शिक्क्याची चिठ्ठी देऊन स्कॅन पुन्हा केला.

मेल्डने दोन ठिपके दिले. पहिला डाव्या टेम्पोरल लोबच्या टोकाला. दुसरा उजव्या सुपीरियर फ्रंटल सल्कस या खाचेच्या तळाशी, पहिल्यापेक्षा लहान. मेल्डच्या रिपोर्टात खालच्या आलेखात कशामुळे खटकलं ते असतं : पहिल्यात फक्त ग्रे-व्हाइटमधला फरक कमी. दुसऱ्यात तो फरक कमी, शिवाय जाडी वाढलेली, शिवाय फ्लेअर उजळ.

कॉन्फरन्समध्ये ठिपके आधी दाखवले नाहीत. फिटचे व्हिडिओ, ईईजी, मग मूळ स्कॅन, सगळ्यांनी आपापलं मत कागदावर लिहिलं. मग ठिपके. रेडिओलॉजीच्या मॅडमनी माझा लॅपटॉप बाजूला सारला आणि आपल्या स्टेशनवर फ्लेअर उघडलं. ती खाच कोरोनलमध्ये आणली, एकेक मिलिमीटर मागे-पुढे केली, विंडो आवळली, म्हणजे करड्या छटांमधला फरक वाढवला. खाचेच्या तळापासून व्हेंट्रिकलच्या (मेंदूतल्या द्रवाच्या पोकळीच्या) दिशेने निमुळती होत गेलेली एक पुसट पांढरी रेघ. तीन-चार स्लाइसमध्येच.

“आहे,” म्हणाल्या. मग जुना स्कॅन लावला. ५ मिमीच्या स्लाइसमध्ये त्या जागी काही म्हणजे काही नव्हतं. पहिले दोन रिपोर्ट लिहिणाऱ्यांना नावं ठेवायला जागा नाही.

डावा टेम्पोरल ठिपका? तिथे स्कॅन किंचित हललेला होता, फ्लेअर स्वच्छ, फिटचं वर्णन जुळत नाही. सोडला. हे लिहायला एक ओळ लागली, पण तो सोडायला अर्धा तास चर्चा झाली, कारण आकाराने तोच मोठा होता.

३ ऑक्टोबर

आज जे झालं ते सॉफ्टवेअरच्या कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही.

दुसऱ्या एका तरुण रुग्णाचे वडील ओपीडीत आले, मोबाइल पुढे केला. पडद्यावर मेल्डचा पीडीएफ : फुगवलेला करडा मेंदू, त्यावर लाल ठिपका. “साहेब, कॉम्प्युटरला जागा सापडली म्हणतात. ऑपरेशनची तारीख द्या. बैलजोडी काढलीय.”

तो ठिपका केस कॉन्फरन्समध्ये आलाही नव्हता. ईईजी दुसऱ्या बाजूचं होतं. पीडीएफ रुग्णाच्या फोल्डरमध्ये होता, कुणीतरी चांगल्या मनाने फोटो काढून पाठवला होता, तो घरच्यांच्या ग्रुपवर फिरला. न्यूरॉलॉजीच्या मॅडम त्यांच्याशी बराच वेळ बोलल्या. “बाबा, हे कॉम्प्युटरने विचारलंय, सांगितलेलं नाही. इथे बघा, एवढंच म्हणतोय तो.” त्यांनी मान हलवली, पण पटलं नव्हतं. त्यांच्या दृष्टीने इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी बोट ठेवून जागा दाखवली होती, आणि डॉक्टरच ती नाही म्हणत होते. बैलजोडीचा व्यवहार नुसत्या तोंडी बोलण्यावर होता, तो थांबवता आला.

मॅडमनी मला एवढंच विचारलं, “पीडीएफवर लाल रंग कुणी ठरवला?”

८ ऑक्टोबर

बदल. पीडीएफ रुग्णाच्या फोल्डरमध्ये जात नाही; वेगळ्या ड्राइव्हवर, पासवर्डमागे. कॉन्फरन्सच्या पानावर चित्राऐवजी आधी वाक्य येतं : ‘या जागी फ्लेअर व टी-१ पुन्हा पाहावं.’ त्याखाली स्लाइस क्रमांक, मग रेडिओलॉजिस्टचं उत्तर, सहीसह : दिसलं, दिसलं नाही, किंवा दुसरं कारण. उत्तर रिकामं असेल तोवर पान छापलं जात नाही, तशी स्क्रिप्टच केलीय. ठिपक्याचा रंग निळा केला. तो बदल बिनकामाचा आहे हे मला माहीत आहे, तरी केला.

२४ ऑक्टोबर

दिवाळीनंतरची पहिली कॉन्फरन्स. मुलीचं पेट स्कॅन आलं : उजव्या फ्रंटलमध्ये चयापचय कमी, पण भाग मोठा. एसईईजी ठरलं, म्हणजे कवटीला बारीक छिद्रं पाडून आत इलेक्ट्रोड घालून काही दिवस नोंद.

सर्जन सरांनी विचारलं, “तुझा ठिपका नसता तरी मी इलेक्ट्रोड इथूनच घातले असते ना?”

“फ्रंटलमध्ये घातले असते सर. या खाचेच्या तळाशी घातला असता का?”

त्यांनी थोडा वेळ स्क्रीन बघितली. एक इलेक्ट्रोड खाचेच्या तळाशी, बाकी पेट आणि ईईजीच्या हिशेबाने. डाव्या टेम्पोरलमध्ये एकही नाही.

१४ नोव्हेंबर

शस्त्रक्रियेची आखणी जिथे होते ते प्लॅनिंग स्टेशन फक्त डायकॉम घेतं, मेल्डचा निकाल निफ्टीत. रूपांतर करताना ठिपका टी-१ मध्येच पांढरा करून छापायची सोय आहे, ती वापरली नाही. खालचं मूळ चित्र झाकलं जातं आणि सर्जनना रक्तवाहिनी दिसली पाहिजे. वेगळा थर म्हणून दिला, हवा तेव्हा बंद करता येतो. आधी कॅप्सूलचा स्कॅन त्याच वाटेने स्टेशनवर चढवला, शेंगदाणा उजवीकडे. मग मुलीचा.

थर आणि टी-१ यांच्यात एका अक्षात अर्ध्या व्हॉक्सेलची (त्रिमितीय चित्रातल्या एका ठोकळ्याची) सरक होती, म्हणजे अर्धा मिलिमीटर. रूपांतराच्या स्क्रिप्टमध्ये व्हॉक्सेलचा कोपरा धरला होता, मध्य धरायला हवा. दुरुस्त करून पुन्हा दिलं. एसईईजी पुढच्या बुधवारी आहे. तोवर हार्मोनायझेशन नव्याने करायचंय, कारण स्कॅन सेंटरने हेड कॉइल, म्हणजे डोक्याभोवती बसवायचा मशीनचा भाग, बदललीय आणि दादांनी फोन करून ते स्वतःहून कळवलं.